न वाजणारा झोपाळा

सर्वांनी कृपया सावरून बसावं, हातातला चहा खाली ठेवावा आणि लहान मुलांना जवळ घ्यावं, कारण मी एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करणार आहे. अमेरिका हा देश आज जागच्या जागी उभा आहे याचं श्रेय लोक इथल्या राज्यघटनेला देतात, कोणी डॉलरला देतात. साफ चूक. ते सगळं श्रेय ओहायोतल्या डब्लिन गावी राहणाऱ्या आमच्या साडूंचं आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोलंबसजवळच्या एका कारखान्यात ते यंत्रांचे सांगाडे उभे करतात. यंत्र दुसरं कोणी बनवतं. ते ज्यावर बसतं, लटकतं आणि थरथरतं, ती खाचेदार ॲल्युमिनियमच्या खांबांची चौकट साडूंची. आणि त्या चौकटीत जिथे दोन खांब भेटतात, तिथला ब्रॅकेट हा साडूंचा जीव की प्राण. साधा काटकोनी, पोटात त्रिकोण असलेला, बिजागरीचा, हवा तसा कोन धरणारा, असे ब्रॅकेटचे नाना प्रकार कॅटलॉगमध्ये असतात, आणि जेवताना डाव्या हाताला लोक लोणचं घेतात तसा साडू तो कॅटलॉग घेऊन बसतात. "लोक ब्रॅकेटला फक्त वजन विचारतात," ते वरणभात कालवता कालवता म्हणायचे. "अहो, वजन काय, कोणीही उचलतं. हालचाल विचारा! रोज, सारखं, कोणी हलवलं तर काय करशील, ते विचारा." समोर माझी मेव्हणी बसलेली असायची आणि ती थंडपणे म्हणायची, "मला विचारा. मी सांगते."

ते कुठेही गेले तरी आधी खाली वाकतात. एकदा आम्ही सगळे एडिसनला गेलो होतो. तिथल्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवरच्या एका हॉटेलात टेबल जरासं डुगडुगलं. दुसऱ्या कोणी खाली कागदाची घडी घातली असती. साडू थेट टेबलाखाली गेले. तेवढ्यात वेटर आला आणि पांढऱ्या टेबलक्लॉथखालून त्याला आवाज आला, "एक मसाला डोसा, आणि तुमच्याकडे बोल्ट आवळायची ॲलन की आहे का?" त्यांची मुलगी मेनूकार्डात तोंड खुपसून पुटपुटली, "ओ माय गॉड, बाबा, इट्स जस्ट अ टेबल!" साडू खालूनच म्हणाले, "जस्ट अ टेबल असं काही नसतं, बेटा."

माझ्या ॲन आर्बरच्या घरी त्यांनी टीव्ही लावून दिला, ती हकिकत तर आमच्या कुटुंबात अजून हलक्या आवाजात सांगतात. सपाट टीव्ही तेव्हा नुकते भिंतीवर चढू लागले होते. खोक्यातला ब्रॅकेट साडूंनी दोन बोटांत धरला, उजेडात फिरवला आणि मेलेली पाल टाकावी तसा केराच्या डब्यात टाकला. मग ते डब्लिनला परत गेले, पुढच्या शनिवारी स्वतः निवडलेला माल घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत भिंतीच्या आतल्या लाकडाशी बोलत बसले. शेवटी स्वतः त्याला लोंबकळले. "आता याच्यावर गाडी टांगा," ते म्हणाले. मी गाडी टांगली नाही. पण पुढे ते घर विकलं तेव्हा टीव्ही काढायला आलेल्या दोन दणकट माणसांनी अर्ध्या तासात हात जोडले आणि आमचा टीव्ही घराबरोबरच गेला.

असा हा माणूस आयुष्यात फक्त एकदा हरला, आणि ज्यांच्यापुढे हरला त्या आमच्या सासूबाई.

सासरे गेल्यानंतरच्या वर्षी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी डब्लिनला आल्या. थंडी सुरू झाली होती. दिवसभर घर रिकामं, रस्त्यावर माणूस नाही, खिडकीतून बघावं तर गवतावर पांढरं. त्या तक्रार करणाऱ्यांतल्या नव्हत्याच. पण एके दिवशी पोळ्या लाटता लाटता त्यांनी सहज विचारलं, "तिकीट अलीकडचं करून मिळतं का हो?" मेव्हणी आत जाऊन रडली. साडू रडले नाहीत. त्यांनी बायकोला एकच प्रश्न विचारला, "तिथे आहे आणि इथे नाही, असं काय आहे?" ती म्हणाली, "झोपाळा. दुपारी त्याच्यावर पडल्याशिवाय आईचा डोळा लागत नाही. इथे आल्यापासून ती दुपारी झोपलीच नाहीये."

झालं. साडूंना हलता भार मिळाला!

अमेरिकन घराचं छत म्हणजे रंगवलेला पुठ्ठा, त्याला कडी लावायची सोय नाही. म्हणून हॉलमध्ये स्वतंत्र चौकट उभी करायचं ठरलं. कोपऱ्याकोपऱ्याला कोणता ब्रॅकेट घालायचा यावर त्यांनी असा विचार केला की मुलीच्या लग्नात स्थळांवरही करणार नाहीत. हा पुढे-मागे टिकतो, पण आडवा हिसका बसला की ढिला पडतो. हा मजबूत, पण आईंच्या पदराला लागेल. हा सगळ्यात उत्तम, पण दिसायला कारखान्यातला. बोल्टखाली रबरी चकत्या, कड्यांच्या जागी बेअरिंग, आणि प्रत्येक बोल्ट मोजून आवळलेला. उद्घाटनाला आम्ही खास ॲन आर्बरहून गेलो. नारळ फुटला. आई बसल्या, पायाने हलकेच रेटा दिला. झोपाळा असा गेला आणि असा आला, की भिंतीवरची सावली हलते म्हणून हलतोय म्हणायचा. आवाज म्हणून नाही. साडू एखाद्या गवयासारखे डोळे मिटून ती शांतता ऐकत होते.

आई म्हणाल्या, "छान आहे."

मराठी घरात नुसत्या 'छान आहे'चा अर्थ काय होतो, हे मी सांगायला नको. त्या दुपारीही आई झोपल्या नाहीत. संध्याकाळी चहाच्या वेळी त्या चाचरत म्हणाल्या, "जावईबापू, रागावणार नसाल तर बोलते. हा वाजत नाही हो."

"वाजत नाही?" साडूंच्या हातातली खारी बिस्किटं चहात गेली. "आई, तो वाजू नये म्हणून तर..."

"आमचा वाजायचा. मी आत स्वयंपाकघरात असायची, हे बाहेर बसलेले. कर्र झालं की कळायचं, आहेत म्हणून. थांबलं की कळायचं, डोळा लागला." आणि मग घाईघाईने, "पण छान आहे हो. खूप मेहनत घेतलीत."

ज्या माणसाने सगळी हयात जगातली कुरकुर बंद करण्यात घालवली, त्याला आता ती विकत आणायची होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी माल पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावला आणि आवाज करणारा ब्रॅकेट आहे का असं विचारलं. पलीकडच्या गृहस्थाला वाटलं, ही तक्रारच आहे. त्याने तीनदा माफी मागितली आणि सगळेच्या सगळे ब्रॅकेट बदलून पाठवायची तयारी दाखवली. "नो, नो, युअर ब्रॅकेट्स आर एक्सलंट," साडू कळवळून ओरडले, "दॅट इज द प्रॉब्लेम!"

मग प्रयोग सुरू झाले. बेअरिंग निघाली, लोखंडी कड्या आल्या. आई स्वयंपाकघरात पाटावर परीक्षकासारख्या बसायच्या, साडू हॉलमध्ये झोके घ्यायचे. "हा?" "नाही, हा दाराचा वाटतो." "आणि हा?" "अगंबाई, ही तर बैलगाडी!" मेव्हणी दोघांच्या मधे उभी राहून हसून हसून बेजार. शेवटी साडूंनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. वरच्या कोपऱ्यात त्यांनी एक जादा ब्रॅकेट बसवला, ज्याच्यावर कसलाच भार नव्हता, आणि त्याचा बोल्ट जाणूनबुजून सैल ठेवला. आवळायची चावी हातात असताना बोल्ट सैल ठेवणं त्यांना किती जड गेलं असेल, ते मीच जाणतो. मला फोनवर त्यांनी ते एखाद्या गुन्ह्यासारखं सांगितलं. झोका घेतला. कर्र... कर्र. आतून काही उत्तर आलं नाही. साडू आत जाऊन बघतात तर आई पाटावरच, भिंतीला टेकून, झोपलेल्या.

तिकिटाचं नाव पुन्हा निघालं नाही. आई सहाही महिने राहिल्या. रोज संध्याकाळी साडू कामावरून आले की बूट काढून आधी झोपाळ्यावर टेकायचे. एक कर्र. लगेच आतून, "आलात?" आणि चहाचं आधण चढायचं. जावई-सासूंमध्ये याहून जास्त बोलणं मी कधी ऐकलं नाही, आणि त्याची गरजही दिसली नाही.

पुढे आईंचे गुडघे गेले, प्रवास बंद झाला, आणि एका पावसाळ्यात त्या सांगलीलाच वारल्या. झोपाळा डब्लिनच्या हॉलमध्ये तसाच आहे. सोफा बदलला, पडदे बदलले, मेव्हणीने 'हा काढून टाकू या का हो?' असं एकदाच विचारलं.

गेल्या थँक्सगिव्हिंगला आम्ही तिथे होतो. साडूंनी कारखान्यातल्या आपल्या साहेबालाही जेवायला बोलावलं होतं. हा उंचापुरा गोरा माणूस साडूंच्याच पंथाचा, खिशात ॲलन की घेऊन फिरणारा. जेवण झाल्यावर तो झोपाळ्यावर बसला. कर्र. त्याने वर पाहिलं. तुझ्या घरात, तुझ्या हातचा, सैल बोल्ट? अशा नजरेने साडूंकडे पाहून तो हसला, उठला आणि मित्राची लाज राखायला म्हणून खिशातून चावी काढून त्याने वरच्या कोपऱ्याकडे हात नेला.

साडू श्रीखंडाची वाटी घेऊन स्वयंपाकघरातून येत होते. साहेबाशी वर्षानुवर्षं अदबीने इंग्रजी बोलणारा तो माणूस दारातूनच अस्सल मराठीत ओरडला, "अरे ए, हात लावू नकोस! मी घरी आलो हे आईंना कळणार कसं?"