हीटर न लावता

घाट अर्धा उतरून झाल्यावर डेल्बर्टने मागे वळून पाहिलं. बंद पडलेली गाडी वळणाआड राहिली होती. ऊन कललं होतं, पण डांबर अजून तव्यासारखं तापलेलं. खाली वाळवंटात वसाहतीची घरं दिसत होती, मात्र तिथवर पोचायला अजून बरीच पायपीट होती. एक ट्रक बाजूने गेला. डेल्बर्टने हात केला नाही.

"थांबवायचा होतास की," शेजारीण आर्डिथ म्हणाली. तिचे गुडघे बोलू लागले होते.

"घाई कसली आहे? घरी जाऊन काय सांगायचंय?"

आर्डिथने ट्रक दिसेनासा होईपर्यंत पाहिलं.

घरी नडीन वाट पाहत होती. डेल्बर्टची बायको. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती, आणि दिवसाआड तिला डोंगरापलीकडच्या शहरात डायलिसिसला न्यावं लागे. चर्चमधल्या लोकांनी सुरुवातीला आळीपाळीने नेलं. मग एकाची पाठ धरली, दुसऱ्याची नोकरी आड आली, आणि लोकांच्या गाडीत उलटी होते म्हणून नडीनच नको म्हणू लागली. आर्डिथने मोतीबिंदूमुळे गाडी चालवणं केव्हाच सोडलं होतं. उरली डेल्बर्टची जुनी गाडी. ती घाटात तापायची. मग तो खिडक्या उघडून हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची आग थोडी गाडीत येते आणि इंजिन तगतं. बाहेर भर उन्हाळा, आत भट्टी, आणि नडीनला डॉक्टरांनी घोट मोजून पाणी दिलेलं.

मागच्या खेपेहून आल्यावर ती पायरीवरच बसली. आर्डिथ सूप घेऊन आली होती, तिच्यादेखत नडीन म्हणाली, "नवा रेडिएटर घाल, डेल्बर्ट. हीटर न लावता घाट चढलास तर मी मरेपर्यंत येत राहीन. हीटर लावावा लागला, तर मला पुन्हा गाडीत बस म्हणायचं नाही." मग आर्डिथकडे वळून, "तू त्याच्या शेजारी बस गं. हा मला खोटं सांगेल. माझ्या स्वयंपाकाबद्दल चाळीस वर्षं सांगतोय. तू नाही सांगणार."

आर्डिथ खरंच खोटं बोलत नसे. त्यात तिला काही मोठेपणा वाटत नव्हता. देवाला सगळं दिसतं, मग उगाच कशाला, एवढाच हिशोब.

डेल्बर्ट खाणीवर पाण्याचा टँकर चालवायचा. खाण बंद पडली, टँकर भंगारात गेला, हा इथेच राहिला. गाडी कधी गॅरेजला दिली नाही. रेडिएटर गळू लागला की त्यात मूठभर मिरपूड टाकायची, ती फुगून भोक बुजवते, ही त्याच्या बापाची विद्या. एकदा अंड्याचा पांढरा बलक ओतला होता. पुढे दुकानातली भोक बुजवायची भुकटी आली, तीही वर्षानुवर्षं घातली. "माझं अर्धं स्वयंपाकघर त्या गाडीच्या पोटात आहे," नडीन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "मीठ तेवढं घालायचं राहिलंय."

या वेळी मात्र त्याने सगळं नवं आणलं. रेडिएटर, रबरी नळ्या, थर्मोस्टॅट, हिरवं कूलंट. गाडीखाली आडवा पडून बोटं सोलवटून घेतली. आज दुपारी दोघं घाट चढून बघायला निघाली तेव्हा तापमानाचा काटा मधोमध होता, आणि पहिल्या वळणावर डेल्बर्ट चक्क शीळ घालत होता. मग काटा उचलला. शीळ थांबली. त्याचा हात हीटरच्या बटणापाशी घुटमळला.

"जरा बाहेर बघ ना, आर्डिथ."

तिने मान वळवली नाही. त्याने बटण फिरवलं. गरम झोत तोंडावर आला, तरी पुढच्या चढावर वाफ निघालीच.

इंजिन निवल्यावर त्याने फडकं धरून झाकण उघडलं. आत बोट घालून बाहेर काढलं, तर तपकिरी चिखल, आणि त्यात काळे कण.

"मिरी," तो आता चालता चालता म्हणाला. "सगळी इंजिनात बसून होती. नवं कूलंट आलं तशी सुटली आणि नव्या रेडिएटरमध्ये जाऊन अडकली. मी आतून धुतलं होतं गं. पण पाणी गढूळच येत होतं. अजून एक दिवस धुवायला हवं होतं."

"मग का नाही धुतलंस?"

"तिची एक खेप आधीच चुकली होती. पाय बघितलेस ना तिचे? म्हटलं, चालून जाईल."

आर्डिथ मनात प्रार्थनेचे शब्द जुळवू पाहत होती. जुळत नव्हते. "मी बोलते तिच्याशी," ती शेवटी म्हणाली. "हीटरचंच तर आहे. काहीतरी तोड काढू."

"हीटरचं नाही ते." तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "ती थकलीय. तिला थांबायचंय, आणि ते माझ्या तोंडावर तिला सांगवत नाही, म्हणून हीटर. मला कळत नाही असं तिला वाटतं."

"आणि कळत असूनही तू रेडिएटर घातलास."

"मग काय करायचं होतं? बसून बघायचं?"

वसाहतीचा फाटा आला. तिथून त्याचं घर दिसत होतं. नडीन ओसरीवर खुर्ची टाकून बसली होती, सुजलेले पाय डब्यावर ठेवून, तोंड घाटाकडे. दोघांना पायी येताना पाहून तिने हात वर केला नाही, मानही हलवली नाही.

डेल्बर्ट थांबला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"ती तुलाच विचारेल. काटा हलला नाही म्हण. पेट्रोल संपलं म्हण. पहाटे गारवा असतो, तेव्हा नेतो मी तिला."

"कशातून नेशील? चालणारे का ती गाडी?"

"नाही," तो म्हणाला. "चालायची नाही ती आता. पण आजची रात्र तरी तिला यायचंय असं राहू दे. मी कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे, आर्डिथ. पेट्रोल संपलं म्हण."