खतरावांचा घेवडा

पाण्याच्या टाकीमागे जमिनीचे चौदा तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्यावर एक शहाणा आहे. रविवारी सकाळी हे चौदा शहाणे एकत्र जमले, की थंडीत झाडांचं काय करावं यावर सोळा मतं पडतात, कारण चहा संपेपर्यंत दोघांनी आपलं मत बदललेलं असतं. पाणी सकाळीच घाला, संध्याकाळी घातलंत तर मुळं गारठतात. छे, भर दुपारी घाला. रोपांवर जुनी चादर टाका. चादर नको, गोणपाट. या गलबल्यात शेवटचा शब्द मात्र एकाच माणसाचा असायचा. त्यांना सगळे खतराव म्हणत.

खतराव मूळचे बुकबाइंडर. छापखान्याच्या मागच्या खोलीत त्यांनी अडतीस वर्षं लोकांची पुस्तकं शिवली आणि त्यातलं एकही पुरतं वाचलं नाही, हे ते छाती फुगवून सांगत. निवृत्त झाल्यावर हात गप्प बसेनात म्हणून खताच्या मागे लागले. तीन लाकडी खोकी केली. पहिल्यात घरोघरचा ओला कचरा आणि गवताचे थर, दुसऱ्यात अर्धवट कुजलेला माल, तिसऱ्यात तयार खत. थर असे नीट लावत, की जणू उद्या कुणी पानं मोजायला येणार आहे. ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून, डोळे मिटून म्हणत, "अजून दहा दिवस." नाडी बघून डॉक्टरही इतक्या खात्रीनं बोलत नाही. तयार झालेलं खत ते चाळून, मागेल त्याला घमेलंभर देत आणि वर तासभर सल्ला. नुसतं खत मिळत नसे. सल्ला घ्यावाच लागे.

खत द्यायला हात असा सढळ, पण बी म्हटलं की मूठ आवळलेली. त्यांच्या बायकोचा एक घेवडा होता. लग्न होऊन आली तेव्हा ती मूठभर दाणे घेऊन आली होती. पांढऱ्या दाण्यावर जांभळे शिंतोडे, कुणी शाईचं पेन झटकल्यासारखे. तेहतीस वर्षं दर थंडीत तिनं तो लावला, निम्मा शिजवला, निम्मा बियाण्याला राखला. पाकिटं खतराव करून देत, बाइंडिंगच्या उरलेल्या कागदाची, खळ लावून. बाई मागेल त्याला बी वाटायची. पण लोकांनी ते लावलं, खाल्लं आणि संपवलं. राखून ठेवायची चिकाटी कुणाला? तिच्या माहेरी आता घरच उरलं नव्हतं, घेवडा कुठून उरणार. बाजारात तो कधी नव्हताच. जे होतं ते कपाटातल्या त्या एका पाकिटात.

बायको थंडीच्या तोंडावर गेली आणि त्या वर्षी पेरणी राहिली. महिनाभरानं शेजारच्या तुकड्यावरच्या नर्सबाई कुंपणाशी आल्या. नर्सबाईंची नोकरी सुटली तरी आवाज वॉर्डातलाच राहिला होता. एरवी त्या खतरावांना येताजाता टोचत आणि त्यांचं खत घेत नसत. तुमचं प्रवचन ऐकण्यापेक्षा माझी माती उपाशी बरी, म्हणत. त्या दिवशी मात्र आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाऊ, वहिनींच्या घेवड्याचे पाच दाणे द्या. माझ्याकडेही असू देत."

"तिचं बी घराबाहेर जात नाही," खतराव म्हणाले.

हा नियम त्यांनी त्याच क्षणी, तिथेच उभ्या उभ्या केला होता. बायको असती तर तिनं ओंजळभर दिलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण माणूस गेलेलं असताना त्याची उरलेली वस्तू वाटायला हात धजेना. नर्सबाई बरं म्हणाल्या आणि वळल्या.

पुढच्या थंडीत पाकीट उघडलं तर एक्केचाळीस दाणे. पावसात कपाटामागच्या भिंतीला ओल आली होती, ती पाकिटाला लागली होती. कितीतरी दाण्यांवर बुरशीचा पांढरा पापुद्रा. निम्मं बी नेहमी हातचं राखावं, असं खतराव आजवर प्रत्येकाला बजावत आले होते. पण हे बी आणखी एक वर्ष काढेल असं त्यांना वाटेना. त्यांनी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पेरले. अकरा उगवले.

अकराही कोंबांपाशी त्यांनी आपलं यंदाचं सर्वात मुरलेलं, सर्वात काळं खत दोन-दोन मुठी घातलं. आठवडाभर वेल जोरात निघाले. मग पानं कडेनं वर वळून चमच्यासारखी झाली आणि शेंडे मुठीसारखे आवळून बसले.

त्या रविवारी पहिल्यांदाच खतरावांनी दुसऱ्यांना सल्ला विचारला. बाकीच्या तेरा शहाण्यांना पर्वणीच. कुणी म्हणालं थंडी बाधली, कुणी म्हणालं माव्याची कीड लागली. राख टाका, कोमट पाणी घाला, रात्री झाका. निवृत्त पोस्टमननं तर वेलांशी रोज बोलायला सांगितलं. खतरावांनी सगळं केलं, तेसुद्धा. तेहतीस वर्षांत बायकोशी जेवढं बोलले नव्हते, तेवढं त्या आठवड्यात घेवड्याशी बोलले. आणि रोपं अशक्त दिसतात म्हणून स्वतःच्या बुद्धीनं आणखी एकेक मूठ खत घातलं.

मग पोस्टमनचे टोमॅटो तसेच वळले. पलीकडच्या बेकरीवाल्याचा वाटाणा वळला. खतराव कुंपणाशी उभे राहून बघत होते. चौदा तुकड्यांत एकच वाटाणा सरळ उभा होता, नर्सबाईंचा. तिथे त्यांचं खत कधी पडलं नव्हतं.

ते तसेच सायकल काढून एका कचेरीच्या बागेत गेले. तिथला माळी पावसाळाभर त्यांना कापलेल्या गवताची पोती देत आला होता. खतराव बारा पोती सायकलवर वाहून घेऊन आले होते, आभार मानले होते, विचारलं काहीच नव्हतं. आज विचारलं. माळ्यानं कौतुकानं हिरवळ दाखवली. औषध मारतो, म्हणाला, गवताला काही होत नाही, रुंद पानाचं तेवढं मरतं. काका, एक तण शोधून दाखवा.

"आणि हे गवत कुजलं की औषध जातं ना?"

"जात नाही म्हणतात. खतात वर्ष-दोन वर्षं राहतं. डब्यावर लिहिलंय की, बारीक अक्षरात."

परत येऊन खतरावांनी अकराही वेल मुळांसकट उकरले, बादलीत एकेकाची मुळं धुतली, पुस्तकाचं जुनं पान शिवणीतून सोडवावं तशा बोटांनी. मग घमेलं घेऊन कुंपणाशी गेले.

"माती हवी होती," ते म्हणाले. "तुमची. जिच्यात माझं काही पडलेलं नाही अशी."

नर्सबाईंनी घमेलं भरून दिलं. त्यांनी टोमणा मारला असता तर खतरावांना बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "थोडं बी मागे ठेवलंयत ना?"

खतरावांनी नकारार्थी मान हलवली.

त्या पाच दाण्यांबद्दल आता बोलण्यासारखं जे होतं, ते दोघांनाही पाठ होतं.

रविवारी खतरावांनी सगळ्यांना सांगितलं. माझं खत विषारी आहे, माझ्या हातानं तुमच्या मातीत गेलंय. जिथे टाकलंत तिथे दोन वर्षं शेंगवर्गातलं काही लावू नका, टोमॅटो नको, बटाटा नको. कुणी रागावलं नाही. बेकरीवाला म्हणाला, होतं असं, माझं पीठ काय कमी वेळा आंबलंय? पोस्टमननं विचारलं, मग या थंडीत लावावं तरी काय?

"मला विचारू नका," खतराव म्हणाले. "मला आता काही विचारत जाऊ नका." त्या सकाळी दुसरं कुणी मत दिलं नाही.

नर्सबाईंच्या मातीत, कुंड्यांमध्ये लावलेले वेल एकेक करून गेले. एकेक पान पिवळं पडायचं, मग देठ काळा. खतराव रोज सकाळी येऊन मोजत. सात. चार. शेवटी कुंडीत एकच उरला, हातभर उंचीचा, वाकडा. त्याला दोन फुलं आली. एक गळलं. दुसऱ्याची शेंग धरली आणि तीन आठवडे खतराव नीट जेवले नाहीत.

शेंग वाळली तेव्हा नर्सबाईही येऊन उभ्या राहिल्या. खतरावांनी ती तळहातावर घेऊन शिवणीवरून नखानं उघडली. आत दाण्यांच्या जागी कागदासारखे चार पापुद्रे होते. त्यांनी एकेक बोटानं दाबून पाहिला.

"आहे का काही?" नर्सबाईंनी विचारलं.

"नाही."

बाई आपल्या वाटाण्याला पाणी घालायला गेल्या. खतरावांनी वेल उपटला. आयुष्यात पहिल्यांदा हातातलं वाळलेलं झाड खोक्यात टाकता येईना. जे त्यानं मातीतून ओढलं, ते त्याच्या काडीतही असणार. त्यांनी वेल आणि शेंग प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली, पिशवीला गाठ मारली आणि रस्त्याच्या कडेला कचऱ्याची गाडी यायची वाट बघत उभे राहिले.