पान खाली सरकेना

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं नवऱ्यानं वरवंट्यानं मोडली, तेव्हा तो हात लॅपटॉपवर होता. येडशीच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी मी कामाला बसले होते. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी घरून काम करायचे. जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं असायची, यंत्रानं त्यातला मजकूर उतरवलेला असायचा, आणि मूळ पानाशी ताडून मी त्यातल्या चुका दुरुस्त करायचे. दिवसभर पडद्याकडं बघत बसते म्हणजे ही कुणाशी तरी बोलते, असं त्यानं डोक्यात घेतलं होतं.

“कोन हाय त्यात? दाव.”

“पुस्तक आहे हो. बघा की तुम्हीच.”

त्यानं बघितलं नाही. पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि लॅपटॉपवर घातला. मी वाचवायला हात मध्ये घातला की तो आधीपासूनच तिथं होता, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. हाड आणि काच एकदमच फुटली. मी हात ओढून घेतला, म्हणून दुसरा घाव नुसत्या कीबोर्डवर बसला. मग वरवंटा पाट्यावर ठेवून, हात धुऊन तो ड्युटीवर निघून गेला.

शेजारणीनं जुन्या साडीची पट्टी फाडून हात बांधला आणि मला धाराशिवला दवाखान्यात नेलं. माहेराहून, तेरहून, माझे वडील अण्णा आले. डॉक्टरांनी काय झालं विचारलं, तर माझ्या आधी अण्णाच बोलले, “पाटा पडला हातावर.” मी त्यांच्याकडं बघितलं. ते भिंतीकडं बघत होते. कोपरापर्यंत प्लास्टर घालून मी माहेरी आले.

आईनं त्यांना भाकरी वाढताना एवढंच विचारलं, “पाटा व्हय?” त्यानंतर बरेच दिवस दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. अण्णा सकाळी शेळ्या घेऊन नदीकडं जायचे ते ऊन उतरल्यावर यायचे.

काम मला सोडायचं नव्हतं. मामेभावाकडं एक पातळ, हलका लॅपटॉप पडून होता. विंडोज त्याला झेपत नव्हतं, उघडायलाच पाव तास घ्यायचा, म्हणून त्यानं तो कपाटात टाकला होता. तो मी आणवला. विंडोजऐवजी लिनक्स घातलं तर जुनं मशिनही चालतं हे मला ठाऊक होतं. पेन ड्राइव्हवर ते उतरवून घेतलं आणि डाव्या हातानं एकेक कळ दाबत बसवलं. लॅपटॉप पळायला लागला. फक्त टचपॅडवर दोन बोटं फिरवली की पान वरखाली व्हायला हवं, ते होत नव्हतं. बाण फिरायचा, क्लिक व्हायचं, पान मात्र जागचं हलायचं नाही. कीबोर्डवरचे बाण दाबावेत, तर आमच्या कामाच्या खिडकीत त्यानं फक्त ओळीतला कर्सर सरकायचा. अण्णांनी बाजारातून माउस आणून दिला. त्याचं चाक फिरवलं की भागत होतं, म्हणून टचपॅडचा नाद मी सोडला.

एका दुपारी नवरा आला. आई चुलीपुढं भाकरी करत होती. मी पलीकडच्या खोलीत सतरंजीवर, लॅपटॉप पाटावर ठेवून बसले होते. चपला न काढता तो आत आला.

“चल घरला.”

“मी येणार नाही.”

“म्हंजी अजून हे हायच का तुझं?”

त्यानं माउसची वायर धरून हिसका दिला. लॅपटॉप पाटावरून खाली आपटला, वायर जिथं लावली होती ते एकुलतं एक पोर्ट वाकडं झालं आणि माउस त्याच्या हातात आला. तो माझ्यामागं आला. काय करतोय हे कळायच्या आत वायर माझ्या गळ्याभोवती आली. त्यानं गुडघा माझ्या पाठीत रोवला आणि ओढलं.

गळा आवळला की ओरडता येत नाही, हे तेव्हा कळलं. कानात रक्ताचा ठोका वाजायला लागला, डोळ्यांपुढची खिडकी काळी पडायला लागली. प्लास्टरचा हात मागं फेकला, तो त्याच्या तोंडावर लागला असावा, कारण पकड जराशी सैल झाली. मी मान वळवली आणि त्याच्या मनगटाला चावले. सगळी ताकद दातांत आणली. तोंडात खारट रक्त आलं तरी सोडलं नाही. तो मोकळ्या हातानं माझ्या डोक्यात ठोसे घालत होता. मला त्या वेळी सुटायचं नव्हतं. मला त्याचा हात तोडायचा होता.

आई तव्यावरचं तापलेलं उलथनं घेऊन आली. ज्या जावयाला तिनं कधी ‘तुमी’शिवाय हाक मारली नव्हती, त्याला म्हणाली, “सोड, मुडद्या! सोड तिला!” आणि उलथनं त्याच्या मानेवर टेकवलं. टेकवून दाबून धरलं. चामडीचा वास सुटला. तो किंचाळत अंगणात पळाला, आणि नेमके तेव्हाच अण्णा शेळ्या घेऊन दारात आले.

मी उंबऱ्याला धरून, ओकत, ते बघितलं. अण्णांनी माझा गळा बघितला आणि काठी त्याच्या नडग्यांवर घातली. तो खाली बसला, तरी ते मारत राहिले. पाय, पाठ, खांदा. शेळ्या भिंतीला चिकटून ओरडत होत्या. गल्लीतली माणसं गोळा झाली, त्यांनी अण्णांना धरलं नसतं तर त्या दिवशी अंगणात मुडदा पडला असता. माणसांनी शेळीच्या दाव्यानं त्याला खुंट्याला बांधलं आणि पोलिसांना फोन लावला.

ठाण्यात अण्णा माझ्या शेजारी बसले. माझा आवाज निघत नव्हता, नुसती घरघर व्हायची. हवालदारानं प्लास्टरकडं बोट करून विचारलं, “हे पण आजचंच का?”

“न्हाय सायब,” अण्णा म्हणाले. “ते वरवंट्यानं केलंय त्यानं. म्या दवाखान्यात पाटा पडला म्हनलं होतं. ते खोटं हाय. आता खरं लिव्हा.”

त्याला आत टाकलं. मी घरी आले. गळ्याभोवती वायरीचा काळानिळा पट्टा उमटला होता, पाणीसुद्धा घोटवत नव्हतं. आईनं माउस चुलीत घातला. प्लास्टिकचा धूर घरभर झाला.

लॅपटॉप चालू होत होता. पोर्ट मात्र कामातून गेलं होतं. दुसरा माउस आणूनही उपयोग नव्हता, आणि वायर हातात धरायची माझी छातीही नव्हती. उरलं ते टचपॅड. मग मी त्याच्यामागं लागले. त्या दिवसांत माझ्या अंगात नुसता राग होता. तो कुठं घालावा कळत नव्हतं. मी तो या एका गोष्टीत घातला.

फोनवर शोधलं. असाच लॅपटॉप असलेल्या कुणा परदेशातल्या माणसानं हीच तक्रार लिहिली होती आणि खाली उत्तरं होती. त्यातून कळलं की लिनक्स माझ्या टचपॅडला टचपॅड म्हणून ओळखतच नव्हतं. त्याच्या लेखी तो साधा माउस होता, म्हणून एक बोट काय नि दोन काय, त्याला फरक कळत नव्हता. एकानं सांगितलेली आज्ञा मी, मशिनला हुकूम लिहून द्यायची जी काळी खिडकी असते, तिच्यात टाइप केली. पासवर्ड टाकताना पडद्यावर अक्षर उमटत नाही, त्यात डावा हात, दोनदा चुकला. तिसऱ्यांदा आज्ञा चालली आणि बाण जागच्या जागी मेला. आता तर क्लिकही होईना. मी डाव्या मुठीनं पाटावर ठोसा मारला. आई धावत आली.

“काय झालं गं?”

“काही नाही. अजून बिघडलं.”

“मग मार की त्याला आनि एक,” ती म्हणाली आणि तिथंच बसून शेंगा फोडायला लागली.

लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा बाण जिवंत झाला. मग मशिन सुरू होताना स्वतःशी जे टिपत असतं ते वाचत गेले. त्यात एक ओळ सापडली. हे टचपॅड दुसऱ्या मार्गानंही बोलू शकतं, पाहिजे तर अमुक शब्द लिहून तो मार्ग चालू करा, असं चक्क लिहिलं होतं. मशिन सुरू होताना जी फाइल वाचतं तिच्यात तो लांबलचक शब्द आणि त्यापुढं एकचा आकडा टाकला. मशिन पुन्हा चालू केलं. पान हललं नाही. फाइल परत उघडली, अक्षर न् अक्षर ताडून बघितलं. चुका शोधणं हाच माझा धंदा, पण शब्द बरोबर होता. फोनवरचं उत्तर पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की फाइल बदलल्यावर आणखी एक आज्ञा द्यावी लागते, नाहीतर मशिन जुनंच धरून चालतं. ती मी दिलीच नव्हती. दिली.

मशिन पुन्हा चालू केलं. डाव्या हाताची दोन बोटं टेकवून खाली ओढली. पान सरकलं. उलट्या बाजूला सरकलं, पण सरकलं. मी हसायला गेले आणि गळ्यात अशी कळ आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आईला वाटलं मी रडतेय. तिनं शेंगांची सुपली बाजूला ठेवून मला जवळ घेतलं. मग मी खरंच रडले, मोठ्यानं, त्या फाटक्या आवाजात.

दिशा नीट करायला सेटिंगमध्ये एक खूण काढावी लागली, बस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीला कळवलं की पानं पाठवा.

पुढं नवऱ्याचा चुलता मिटवायला आला होता. “झालं गेलं, संसार हाय,” असं म्हणत होता. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, “लेकरू नांदायला येनार न्हाय. तुमी परत येऊ नका.” नवरा जामिनावर सुटलाय. धाराशिवला तारखा चालू आहेत. उजव्या हाताचं प्लास्टर निघालं, पण मधलं बोट पूर्ण वळत नाही, म्हणून मी अजून डाव्या हातानंच पानं सरकवते. कामाला बसते ती भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून.