नवसाची मेंढी

त्या उन्हाळ्यात माझा देवावरचा विश्वास पार उडाला होता, आणि तेच सांगायला मी आज हात जोडून बसलो आहे. मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी बीडच्या आमच्या शाळेच्या अंगणात हेडमास्तरांनी पास झालेल्यांची नावे पुकारली. माझे नाव आले नाही. वाटले, चुकून राहिले असेल, शेवटी घेतील. पोरे एकमेकांच्या गळ्यात पडून निघून गेली, चपराशाने दाराला कडी घातली, तरी मी तिथेच उभा. शेवटी तोच म्हणाला, "जाव बेटा, घर कू जाव." निजामाच्या राज्यात हिसाब उर्दूत, इतिहासाची तवारीख उर्दूत, सगळेच उर्दूत. मी धनगराचा पोर. घोकून घोकून इथवर आलो होतो आणि अगदी काठाशी येऊन बुडालो.

आमच्या वस्तीत शाळेचे तोंड पाहिलेला मी एकटाच. तहसील कचेरीत हात जोडून उभे राहावे लागते तेव्हा समोरच्या खुर्चीत आपला कुणीतरी असावा, एवढीच वडिलांची इच्छा होती. तेवढ्यासाठी त्यांनी माझ्या वाट्याची मेंढरे एकट्याने वळली. आईने तर लिंबागणेशच्या गणपतीला नवस बोलून ठेवला होता. कळपातली एक काळी मेंढी तिने देवाच्या नावाने राखली. पोरगा मॅट्रिक झाला की हिची लोकर कातरायची आणि तिची घोंगडी देवाच्या दारात अंथरायची. तोवर तिला कातर लावायची नाही. आमच्यात असा नवस बोलतात, आणि बोललेला कुणी मोडत नाही.

वस्तीने त्या मेंढीचे नावच 'मॅट्रिक' पाडले होते. "मॅट्रिकला पाणी पाजलं का?", "मॅट्रिक आज चरंना बे, पोरगं अभ्यास करतंय का न्हाई?" अशी थट्टा चालायची आणि मलाही गोड वाटायची. नापास होऊन घरी आलो तेव्हा बाकीचा कळप कातरून हलका झाला होता. ही एकटीच अंगभर लोकरीचे ओझे घेऊन बाभळीखाली धापा टाकत पडलेली. लोकरीत काटे अडकलेले, पोटाखाली गाठी झालेल्या. आता तिला कुणी नावाने हाक मारीना. लोक आधी माझ्याकडे बघत आणि मग मेंढीकडे. वडील काठी उचलून मेंढरांमागे गेले. आई तेवढी म्हणाली, "देव इसरला न्हाई, बाळा. आजून येळ लागंल." मला तिचा संताप आला. देव विसरला नसेल तर हे मुके जनावर कशाची शिक्षा भोगते आहे?

एके दिवशी पहाटेच मेंढीच्या गळ्यात दोरी अडकवून निघालो. लिंबागणेशला देवाच्या दारात बांधून यायचे, तुझी तू सांभाळ म्हणायचे, असे ठरवले होते. पुढे मी कुठे जाणार होतो ते विचारू नका. वाटेत जी विहीर लागली तिच्यात डोकावत चाललो होतो, एवढेच सांगतो. मेंढी दर थोड्या वेळाने बसायची. मी तिला ओढायचो, शिव्या द्यायचो, मग तिच्याच शेजारी बसून रडायचो.

देवळात पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. ओवरीत एक नवरा-बायको बसले होते. बाईच्या मांडीवर लहानसा लाकडी पाळणा. मूल झाले की नवसाचा पाळणा देवाला वाहतात, त्यावरून मी ओळखले की यांच्या घरी मूल आले. मनात जळफळलो. यांचे बरे ऐकले! सहज विचारल्यासारखे विचारले, "मुलगा का मुलगी?"

नवऱ्याने मान खाली घातली. बाईच बोलली. "लेक व्हती. जगली न्हाई."

माझ्या तोंडून निघून गेले, "मग पाळणा कावून आणलाव?"

तिने पाळण्याच्या दांडीवरून हात फिरवला. "पोटात व्हती तवर रोज ह्या देवाशी बोलत व्हते. दुसरं कुनाशी बोलनार? ऐकलं त्यानं समदं. दिलं न्हाई, पर ऐकलं तर हाय ना? पाळणा घरात ठिवला तर रोज डोळ्याम्होरं यील. त्याचा त्याला दिऊन मोकळं व्हायाचं." मग मेंढीकडे बघून म्हणाली, "ही उन्हानं लई तलखतीया. कातरा की तिला."

तिला माझे काहीच ठाऊक नव्हते. ना परीक्षा, ना नवस. नवऱ्याने पाळणा उचलला, ती आत गेली, आणि पाळणा बांधताना तिचा हुंदका मला बाहेर ऐकू आला.

देवळामागच्या माळावर धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट मुक्काम, उतरला होता. तिथून कातर मागून आणली. नवस मोडतो आहे की फेडतो आहे, मला कळत नव्हते. लोकर मानेपासून सुटत गेली तशी खालची कातडी दिसू लागली, घामेजलेली, जागोजागी लाल झालेली. कातरून झाल्यावर मेंढी उठली, अंग झाडले आणि चरायला लागली. देवळापुढे मी किती वेळ रडलो ते आठवत नाही. काही मागितले नाही, हे मात्र आठवते.

लोकरीचे गाठोडे डोक्यावर घेऊन घरी निघालो. वस्तीजवळ आलो तर आई मेंढरांना पाणी पाजत होती. तिने लांबूनच कातरलेली मेंढी पाहिली आणि हातातले टाकून धावत सुटली. "पास झालास? बाळा, कागद आला का? झालास ना पास?"

तिच्या तोंडावरचा तो आनंद मला आजही बघवत नाही. म्हणालो, "न्हाई, आई. नापासच हाय मी. तरीबी कातरली."

आई तिथेच मातीत बसली. मग तिने गाठोडे सोडले, मूठभर लोकर मांडीवर घेतली आणि तिच्यातले काटे एकेक करून काढू लागली.

पुढल्या साली मी पुन्हा परीक्षेला बसलो आणि पुन्हा नापास झालो. खुर्ची काही मिळाली नाही, मेंढरेच वळली. पाळण्यावाली बाई परत कधी दिसली नाही. तिला कुणी पाठवले होते का, याचा मी वाद घालत नाही. त्या दिवशी मी घरी परत आलो, एवढे मला पुरते. आईने कातलेल्या त्या लोकरीची घोंगडी देवाच्या दारात मीच अंथरली. शेजारी तो पाळणा टांगलेला होता. आधी त्याला हात जोडले, मग देवाला.