बापू, बिडी आणि नवा गॅस

फ्रीज रिपेअरच्या दुकानात गॅस टिकत नाही, किस्से मात्र वर्षानुवर्षं टिकतात. मिरकरवाड्याच्या आमच्या दुकानातले निम्मे किस्से माझे पार्टनर बापू यांचे आहेत. उरलेले मी त्यांच्या नावावर खपवतो!

*

सरकारने जुने गॅस टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. नवा गॅस हवेला सोसणारा, पण पेट घेणारा! सर्टिफिकेटशिवाय कंपन्या नव्या मशीनला हात लावू देईनात. माझं आलं. राहिले बापू. वय अठ्ठावन्न आणि दुसरं काही येत नाही.

"वर ओझोनला भोक पडलं, ते काय मी पाडलं?" बापू तडकले.

"गेली तीस वर्षं तुम्ही जुना गॅस कुठे सोडत होतात?" मी विचारलं.

बापूंनी हळूच आभाळाकडे बघितलं.

*

लीक शोधायची बापूंची पद्धत एकच. ज्योतीचा टॉर्च पेटवून पायपावरून फिरवायचा. ज्योत हिरवी झाली की तिथे लीक! सर्टिफिकेटच्या ट्रेनिंगला त्यांनी हे छाती फुगवून सांगितलं.

ट्रेनर म्हणाला, "नव्या गॅसला ज्योत हिरवी होणार नाही, बापू. तुम्ही काळे व्हाल!"

*

तेव्हापासून साबणाचा फेस. हातखंब्याच्या एका ढाब्यावर बापू जुन्याच फ्रीजरवर सराव करत होते. दाढीच्या ब्रशने पायपांना फेस फासायचा आणि बुडबुडा येतो का बघत बसायचं.

ढाबेवाला म्हणाला, "आटपलं की थोडं आफ्टरशेव्हपण लावा हां!"

*

नव्या गॅसचा पहिला फ्रीजर मी मासेवाल्या सुगंधाकाकूंकडे बसवला.

"हवेला चांगला आहे, काकू."

"हवा काय माझं गिऱ्हाईक हाय? सुरमईचं बोल!"

तिसऱ्या दिवशी फोन. "मेल्या, सुरमई अशी गोठली की कोयत्याला दात पडले! ये, आता तूच काप!"

*

मग बापूंची परीक्षा. नापास झाले तर दुकानात नुसतं स्टुलावर बसायचं. मी दारातून बघत होतो.

परीक्षकाने विचारलं, "गॅसची लाइन उघडण्याआधी पहिलं काम काय?"

बापू पुस्तकातलं उत्तर साफ विसरले. पण त्यांनी कानावरची बिडी काढली, खिशातली काडेपेटी काढली आणि दोन्ही परीक्षकाच्या हातात दिली. "हे बाहेर ठेवा."

"शाबास!" साहेब खूश.

बापूंनी लाइन उघडली. फुस्स! साहेब मार्क लिहिण्यात गुंग. लिहिता लिहिता त्यांनी बापूंचीच बिडी ओठांत धरली, पेन खाली ठेवलं आणि काडी काढली.

बापूंनी झडप घालून काडेपेटी हिसकावली आणि ते पेन पुढे केलं.

"साहेब, आधी सही. मग मी बाहेर जातो, तुम्ही खुशाल पेटवा!"