वार्निश वाळायच्या आधी

सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर ठेवून हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, "फायब्रोसिस सुरू झालाय. म्हणजे तुमचं लिव्हर, यकृत, कडक व्हायला लागलंय. अजून मागं फिरता येईल. पण यापुढं एक घोटसुद्धा नको."

एवढं ऐकून माझ्या बायकोनं, लतानं विचारलं, "अन् च्या चालंल का साहेब?" ती घाबरली की चहावरच येते.

मी आखाडा बाळापूरला शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटरी भरून देतो. जुनी तार काढायची, नवी भरायची. सहा वर्षं दुसऱ्यांच्या मोटरी भरत होतो आणि दारूनं स्वतःला जाळत होतो.

त्याच दिवशी मला दवाखान्यात भरती केलं. दुसऱ्या दिवसापासून विथड्रॉवल सुरू झालं, म्हणजे दारू तुटल्यावर शरीर करतं तो दंगा. हात लटलट कापत. भिंतीवर मुंग्यांची रांग दिसे, लता म्हणे भिंत कोरी आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "मी सांगितल्याशिवाय बंद करायच्या नाहीत."

लता दोन वर्षांपासून रविवारी चर्चमध्ये उपासनेला जायची. तिचे पास्टर दवाखान्यात आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मला बरं वाटलं, खरंच वाटलं. घरी आल्यावर मीही उपासनेला जाऊ लागलो.

तिसऱ्याच रविवारी मी साक्ष दिली. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. मी असा बोललो की बायकांनी डोळ्याला पदर लावला. त्या कौतुकानं मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. प्रभूनं बरं केलं, आता गोळ्या कशाला, म्हणून पाकीट फळीवर टाकलं.

बाराव्या दिवशी मी गुत्त्यावर होतो.

मोटर भरून वार्निश लावलं की ते पुरतं वाळू द्यावं लागतं. घाईनं जोडली की पुन्हा जळते. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो, लोका सांगे ब्रह्मज्ञान!

मग कोणत्या तोंडानं उपासनेला जाणार? दोन रविवार घरीच राहिलो. तिसऱ्या आठवड्यात पास्टर दुकानात आले आणि पालथ्या डब्यावर बसले. आता ऐकवणार, असं वाटलं.

"दारू सुटल्याची साक्ष दिलीस," ते म्हणाले. "दारू काहून लागली, ते न्हाई सांगितलं."

मी हातातली तार खाली ठेवली. मग सांगितलं. धाकटा भाऊ बाळू. आमच्याच विहिरीवरची मोटर मी भरून बसवली. अर्थिंगची तार, जी शॉक जमिनीत उतरवते, ती तेवढी लावायची राहिली होती. "उद्या लावतो," म्हणून मी दुसऱ्या कामाला गेलो. बाळूला सांगितलंच नाही. त्यानं मोटर चालू केली, पाइपाला हात लावला आणि जागीच गेला. लोक म्हणाले, बाळू घाईचाच होता. मायही तेच म्हणू लागली. मीही मान डोलावली. त्या आठवड्यापासून पिऊ लागलो.

"हे येशूपुढं बोललास का?"

"रोज बोलतो."

"मंग आता मायपुढं बोल. अन् गोळ्या आजच्या आज डॉक्टरला विचार."

डॉक्टर रागावले नाहीत. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मायपुढं बोलायला मात्र चार महिने लागले. चारही महिने प्यालो नाही, पण तिच्यासमोर जेवायला बसणं टाळायचो.

एका दुपारी ती ओट्यावर हळकुंडं निवडत होती. मी शेजारी बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

हातातलं हळकुंड तिनं खाली ठेवलं. ती म्हणाली, "म्हंजी माझं लेकरू घाईचं नव्हतं." मग रडली. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या आठ दिवसांत प्यायची इच्छा सगळ्यात जास्त झाली. मी गोळी घेत होतो, लता प्रार्थना करत होती, आणि मी प्यालो नाही.

ज्यांच्या घरी हे दुखणं आहे त्यांना एवढंच सांगतो. प्रार्थना करता म्हणून गोळी सोडू नका, आणि गोळी आहे म्हणून प्रार्थना सोडू नका. आणि खरं ज्याच्यापुढं बोलायला हवं, त्याच्याचपुढं बोला. नव्या तपासणीत लिव्हर सुधारतंय. त्या दिवशी लतानं डॉक्टरांना चहाचं काही विचारलं नाही.

तो आठ दिवसांचा अबोला नवव्या दिवशी मायनंच मोडला. म्हणाली, "हिरीवरली मोटर पडूनच हाय. तूच भर."

भरली. वार्निश पुरतं वाळू दिलं. विहिरीवर आधी अर्थिंगची तार लावली, टेस्टरनं तपासली, मग मोटर चालू केली. पाणी आलं. मी "थांब" म्हणायच्या आत मायनं पुढं होऊन पाइपावर तळहात ठेवला.

"गार हाय," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हातानं तिनं माझा हात धरून तिथंच ठेवला.