दोन बोटे माया

ज्याने आकाशाचे अफाट कापड एका दमात बेतले, दिवसाला रात्रीचे अस्तर लावले, मुंगीपासून हत्तीपर्यंत प्रत्येकाला अंगासरसे कातडे शिवून दिले आणि माप घ्यायला कुणालाही दारात उभे केले नाही, त्या दयाघन परमेश्वराला आधी वंदन. दोरा त्याचा, सुई त्याची, शिवणही त्याचीच. आपण केवळ नेढे; त्याने ओवले तर ओवले जायचे. त्याच्या चरणी माथा टेकून त्याच्याच एका भक्ताची कथा सांगायची आहे. हा भक्त गुहेत बसत नाही. तो बसतो शिलाई मशीनवर, बोळाच्या तोंडाशी असलेल्या दहा बाय बाराच्या दुकानात, आणि सारी वस्ती त्याला मास्तर म्हणते.

नाकाच्या शेंड्यावर चष्मा, गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. त्या टाचण्यांपायी मास्तरांचे निम्मे बोलणे 'हं' आणि 'अंहं' यातच आटोपे. दुकानात दोन मशीन, एक बेतायचे टेबल, खिडकीपाशी इस्त्री, आणि दाराजवळच्या स्टुलावर मास्तरांची पत्नी. काज-बटण तिच्याकडे, उसवणे तिच्याकडे, आणि मास्तर काय बोलले नाहीत ते गिऱ्हाइकाला समजावून सांगणेही तिच्याचकडे. कापडाची चिंधीसुद्धा ती वाया घालवत नसे. बिस्किटांच्या जुन्या डब्यांत चिंध्यांच्या गुंडाळ्या रंगवार लावलेल्या असत.

मास्तरांची ख्याती एका गोष्टीसाठी होती. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखून ठेवतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. वरून ती दिसत नाही, पण अंग भरले, वय वाढले, की शिवण उसवायची, मायेतले कापड बाहेर घ्यायचे आणि वस्त्र पुन्हा अंगाला बसवायचे. दुसरे शिंपी अर्धे बोट माया ठेवत. मास्तर दोन बोटे ठेवत. कापड जास्त लागते म्हणून कुणी कुरकुरले, तर टाचण्या काढून एवढेच म्हणत, "आज तुम्ही कसे आहात ते टेप सांगते. उद्या कसे असाल ते मला कोण सांगणार?"

दुपारी चारला याच दुकानात सभा भरे. तीन सभासद ठरलेले. एक निवृत्त पोस्टमन. यांना जुने ग्रंथ वाचायचा नाद. दुसऱ्या सिस्टर, प्रसूतिगृहातल्या. सकाळची पाळी संपवून घरी जाताना पाय मोकळे करायला म्हणून येत आणि पाय पसरून बसत. तिसरा एक वायरमन. त्याला कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात पटत नसे, म्हणून त्याचे नाव पडले होते शंकासुर. देव आहे असे कुणी म्हटले, की तो विचारी कनेक्शन कुठून दिलेय. देव नाही म्हटले, की विचारी मग मीटर कोण फिरवतेय.

भिंतीवर खिळ्याला काळ्या लोकरी कापडाचा एक हातभर तुकडा टांगलेला असे. आठवड्याचा प्रश्न त्यावर शिंप्याच्या खडूने लिहायचा आणि उत्तर सापडले की ब्रशने झटकून टाकायचा, असा सभेचा नियम होता. मेल्यावर माणूस जातो कुठे? चांगल्याच्या वाट्याला वाईट का येते? आपण निवड करतो, की आपली निवड आधीच होऊन गेलेली असते? एकेक प्रश्न महिना-महिना टांगून राही. उत्तर सापडून पुसला गेलेला प्रश्न आजवर एकही नाही; पुसले गेले ते सारे मास्तरांच्या पत्नीने सफाईच्या झपाट्यात झटकल्यामुळे. शंकासुर म्हणे, वहिनींइतकी उत्तरे कुठल्याच ऋषीने दिली नाहीत.

अशा या आनंदाच्या घरी एक पत्र आले. मास्तरांची एकुलती एक मुलगी पुलांचे नकाशे काढायला शिकली होती. तिला दूरच्या, कडाक्याच्या थंडीच्या शहरात नोकरी लागली. वस्तीभर कौतुक झाले. मास्तरही हसले, आणि मशीनवर बसून त्यांनी एकाच पायजम्याच्या दोन्ही पायांना एकमेकांशी शिवून टाकले. ही मुलगी बेतायच्या टेबलाखाली रांगली, चिंध्यांच्या बाहुल्यांत वाढली. ती जाणार हे बुद्धीला पटले होते; छातीला पटत नव्हते.

त्याच आठवड्यात काळ्या कापडावर प्रश्न होता, 'दुःख येते कुठून?' पोस्टमनांनी पिशवीतून एक जीर्ण ग्रंथ काढला, चष्मा पुसला आणि गंभीर आवाजात निवाडा दिला की दुःखाचे मूळ माया. ती तोडली की माणूस सुटला. शंकासुराने लगेच विचारले, तोडायची कशाने, पकडीने? सगळे हसले. मास्तर तेवढे हसले नाहीत. ओठांतल्या टाचण्यांआडून ते म्हणाले, "हं." आणि त्या एका हुंकारात त्यांनी मनोमन दीक्षा घेतली.

काय त्या वैराग्याचा थाट वर्णावा! मुलगी जेवली का, हे मास्तरांनी विचारणे सोडले. मात्र तिच्या ताटातली भाजी संपली की नाही हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहणे काही सुटेना. तिचा भिंतीवरचा फोटो त्यांनी पाठमोरा केला, आणि तो सरळ झाला की काय हे बघायला दिवसातून चारदा त्या खोलीत गेले. ती काही सांगायला आली की 'हं' म्हणून पाठ फिरवायची, एवढे मात्र त्यांना जमले. मुलीच्या मनाला ते लागत होते. बाबा कमी बोलतात हे ती जन्मापासून पाहत होती. पण तोंडात टाचण्या नसताना केलेला 'हं' तिने कधी ऐकला नव्हता. तिने आईपाशी विचारले, मी जाते म्हणून बाबा रागावलेत का? की मी एकदाची जाते म्हणून त्यांना बरेच वाटतेय? आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

कोट तेवढा बाकी होता. थंडीच्या गावी लेक जाणार, तर कोट बापानेच शिवायचा, हे न बोलता ठरलेले. गडद निळे लोकरी कापड टेबलावर पसरले. मास्तरांनी खडूने खुणा केल्या आणि सवयीने हात शिवणरेषेच्या बाहेर दोन बोटे सरकला. तिथे तो थबकला. भल्या सकाळची वेळ, दुकानात दुसरे कुणी नाही. मास्तरांनी डोळे मिटून देवाचे नाव घेतले, त्याच्याचकडे बळ मागितले, आणि टिपेपुरते सूतभर कापड राखून कात्री चालवली. दोन-दोन बोटांच्या निळ्या पट्ट्या सळसळत खाली पडल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या हातून मायेवाचून वस्त्र बेतले गेले. मास्तरांना वाटले, जिंकलो.

थोड्या वेळाने पत्नी आली. तिने पट्ट्या उचलल्या, बोटांनी रुंदी जोखली, एकवार नवऱ्याकडे पाहिले आणि त्यांची गुंडाळी करून निळ्यांच्या डब्यात ठेवली.

जायचा दिवस उजाडला. बस संध्याकाळी साडेसातची. निरोपासाठी सभा त्या दिवशी दोनलाच भरली. मुलगी कोट घालून आरशापुढे उभी राहिली आणि साऱ्यांनी माना डोलावल्या. खांदा खांद्यावर, कंबर कमरेवर, कुठे सुरकुती नाही. शंकासुरालासुद्धा शंका सापडेना. मास्तर भिंतीला टेकून, हात मागे बांधून, पराक्रमाने कोरडे उभे होते.

आरशात तिला ते दिसले. ती वळली, दोन पावलांत त्यांच्यापाशी पोचली आणि दोन्ही हात पसरून तिने बापाला मिठी मारली.

चर्र.

डावी काख उसवली. पाठोपाठ उजवी. मग दोन्ही बगलांच्या शिवणी कमरेपर्यंत फाकल्या. टेपने माप घेतले होते हात खाली सोडून सरळ उभ्या असलेल्या मुलीचे. मिठी मारणाऱ्या मुलीचे माप कुणी घेतलेच नव्हते.

"काही नाही गं, बाहेर घेऊ थोडं," म्हणत आईने कोट उतरवून घेतला, उलटा केला आणि शिवण उलगडून पाहिली. मग हळू आवाजात ती म्हणाली, "अहो, यात माया नाही."

गिऱ्हाइकांच्या मापांनी भरलेल्या त्या खोलीत ते चार शब्द मावेनात. मुलीने कोट हातात घेतला. बोट फिरवून तिने कड चाचपली. टेबलाखाली वाढलेल्या मुलीला शिकवावे लागत नाही.

"समोरच्या दुकानदाराच्या पायजम्यात दोन बोटं ठेवता बाबा," ती म्हणाली. "माझ्याच कोटात नाही?"

मास्तरांचा हात सवयीने ओठांकडे गेला. ओठांत टाचण्या नव्हत्या. लपायला जागा उरली नव्हती. "तोडायला निघालो होतो," ते म्हणाले. "तू गेल्यावर मला हे दुकान खायला उठेल, पोरी. म्हटलं, आधीच तोडून टाकावी. जमेल असं वाटलं."

"म्हणजे तुम्ही रागावला नव्हतात?"

"रागावेन कशाला? मी रोज चारदा तुझा फोटो बघायला जात होतो. त्याची पाठ बघायला."

मुलगी रडता रडता हसली. पोस्टमनांची मान खाली गेली. शंकासुराने संधी साधली आणि त्यांना विचारले, "काय हो, तुम्ही स्वतः तोडलीत का कधी?"

"मी?" पोस्टमन म्हणाले, "अरे, पस्तीस वर्षं घरोघर मायाच तर वाटत फिरलो. तोडायला सवड कधी मिळाली? मी आपलं वाचून दाखवलं. हा माणूस ते बेतून बसला."

तेव्हा सिस्टर बोलल्या. हजारो बाळांना पहिला श्वास घेताना पाहिलेली ती बाई पाय आवरून सरळ बसली. "मास्तर, माझं आयुष्य तोडण्यातच गेलंय. आई आणि बाळ वेगळं करावंच लागतं, नाहीतर दोघांचंही खरं नाही. पण नाळ बाळाच्या अंगाला लागून कधीच कापत नाहीत. दोन बोटं ठेवूनच कापतात."

मास्तरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. पाहणाऱ्यांना वाटले, काच पुसली. आत काय पुसले गेले ते त्या अंतर्यामीलाच ठाऊक. ज्याच्याकडे तोडायला बळ मागितले होते, त्यानेच लेकीच्या दोन हातांनी शिवण उसवून उत्तर दिले होते. आपल्याला घडवताना त्यानेही कुठे हात आखडता घेतला? किती चुका पोटात घालतो, किती वेळा उसवून पुन्हा अंगाला बसवतो. ही त्याची राखून ठेवलेली कड नव्हे तर काय?

"किती वाजले?" मास्तरांनी विचारले.

"अडीच," शंकासुर म्हणाला. "आणि वीज गेली तर मी आहे."

पत्नीने न सांगता निळ्यांचा डबा उघडला आणि गुंडाळी टेबलावर ठेवली. बगलांच्या शिवणी उसवल्या गेल्या. कापलेल्या पट्ट्या इस्त्रीने सरळ झाल्या आणि दोन्ही अंगांना आत बसल्या. पण काखेत मोठा चौकोनी तुकडा हवा होता, तरच हात मोकळा उचलता येणार. निळे कापड संपले होते. मास्तरांची नजर दुकानभर फिरली आणि खिळ्यावर थांबली.

"मास्तर, तो सभेचा आहे," पोस्टमन कळवळून म्हणाले.

"सभेची पोरगी आहे," मास्तर म्हणाले, आणि तुकडा खाली काढला.

दुःख येते कुठून, ही खडूची अक्षरे अजून त्यावर होती. मास्तरांनी कापडाला आधी दोन बोटांच्या खुणा केल्या, मग त्याचे दोन चौकोन कापले. प्रश्नाचा निम्मा भाग डाव्या काखेत गेला, निम्मा उजव्या. पोस्टमन सुया ओवत होते, सिस्टर अस्तराला धावदोरा घालत होत्या, आणि शंकासुर हातात ब्रश घेऊन विचारत होता की अक्षरे झटकायची की आतच ठेवायची. मुलगी म्हणाली, राहू द्या. उत्तर सापडले की तिथून कळवीन.

पावणेसहाला शेवटची टीप पडली. कोट आता आरशाला तितकासा देखणा दिसेना. हात वर केले की निळ्याखालून काळे डोकावे, बगलेला एकीच्या दोन शिवणी झालेल्या. मुलीने तो अंगावर चढवला आणि हात पसरले. या वेळी मास्तरांचेही हात मागे बांधलेले नव्हते. साऱ्या सभेने श्वास रोखून कान दिला. काही फाटले नाही. फक्त मास्तर मोठ्याने रडले, इतके की बोळातून जाणारे एक गिऱ्हाईक आत डोकावून, पायजमा उद्या नेतो म्हणून, हळूच निघून गेले.

बस सुटताना मुलीने खिडकीतून हात हलवला. कोपरापर्यंत नव्हे, पार काखेपासून, काळा चौकोन दिसेल इतका उंच. मास्तर टाचा उंचावून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी खिळा मोकळा होता. मास्तरांच्या पत्नीने डब्यातून करड्या कापडाचा नवा तुकडा काढून टांगला. पहिला प्रश्न कुणाचा, यावर वाद पेटला आणि चहा निवला. भिंतीवरचा फोटो सरळ झाला होता.

देवा, त्या मास्तरांच्या कात्रीला धार राहो आणि हाताला दोन बोटांचा विसर कधी न पडो. त्या माउलीचे डबे भरलेले राहोत. दूरदेशी त्या लेकीच्या खांद्यावर तो कोट उबेचा राहो, तिने आखलेल्या पुलांवरून माणसे माणसांना भेटोत, आणि घराकडे येणारी वाट तिला सदा मोकळी असो. त्या दहा बाय बाराच्या दुकानात प्रश्न टांगलेले राहोत, हसणे नांदते राहो. आणि हे विश्व बेतताना, दयाळा, तू जी कड आमच्यासाठी आत राखून ठेवली आहेस, ती त्या घराला जन्मभर पुरो.